हत्याराला दांडा बसविणे
(इयत्ता सहावी व सातवीसाठी कार्यानुभव आणि सामान्य विज्ञान यांचा समवायी पाठ)

'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण प्रत्येक मराठी मुलाच्या कानावरून गेलेली असते. झाडापासून निघालेला दांडाच झाडांच्या नाशास कारण होतो, असा तिचा रोख आहे. तो दोषारोप क्षणभर बाजूला ठेवला, तर त्याच म्हणीत कारागिराच्या अनुभवाचे एक सत्य सापडते. कुऱ्हाडीचे पाते कितीही पाणीदार असले, तरी दांड्यावाचून ते निरुपयोगी होय. लोखंडाला हात मिळवून देतो तो दांडा. हा दांडा कसा निवडावा, कसा तासावा व कसा बसवावा, हे ज्ञान पिढ्यान् पिढ्या खेड्यातील माणसाने जतन केले. शाळेने मात्र त्याची दखल क्वचितच घेतली.

पालघर जिल्ह्यातील अनेक शाळांच्या कोठीत एक-दोन कुदळी, एखादे फावडे आणि बिनमुठीचा विळा पडलेला आढळतो. जडवस्तुसंग्रह नोंदवहीत त्यांची नोंद असते, परंतु त्यांचा उपयोग होत नाही. लोखंड बहुधा शाबूत असते. मोडलेला किंवा ढिला झालेला असतो तो दांडा. अशा हत्यारांची एक हकीकत प्रस्तुत पाठाच्या आरंभी ध्यानात घेण्याजोगी आहे.

बोईसरच्या पूर्वेकडील एका दोनशिक्षकी शाळेत एप्रिल महिन्यात पावसाळी रोपांसाठी खड्डे खणण्याचे काम निघाले. कुदळीचा दांडा मोडलेला होता. गुरुजींनी एक सरळ काठी आणविली, ती खालच्या बाजूने ठोकून बसविली, राहिलेल्या फटीत लाकडाच्या चिपा भरल्या आणि कुदळ रात्रभर पाण्याच्या बादलीत ठेवली. सकाळी दांडा घट्ट झालेला दिसला. दुसऱ्या दिवशी दुपारी सातवीतील एका मुलाने कुदळ उगारली, तेव्हा लोखंड दांड्यातून निसटले आणि समोर माती भरीत असलेल्या मुलीच्या डोक्याजवळून जाऊन पलीकडे पडले. कोणासही इजा झाली नाही. गुरुजींनी त्याच दिवशी सर्व हत्यारे कोठीत घालून कुलूप लावले.

पुढे काही दिवसांनी एक पालक मुलाच्या दाखल्यासाठी शाळेत आले. त्यांच्या कमरेच्या आकडीत कोयता होता. दाखला लिहून होईपर्यंत त्यांची दृष्टी कोपऱ्यातील कुदळीकडे गेली. त्यांनी ती उचलली, नेढ्यातून आरपार पाहिले आणि म्हणाले, "गुरुजी, पाण्यानं दांडा फुगतो, बसत नाही. आणि हा तर उलटा घातलाय." दुसऱ्या दिवशी ते घरून धामणीचा वाळलेला दांडा घेऊन आले आणि शाळेच्या पायरीवर बसून अर्ध्या तासात त्यांनी तो बसवून दिला. मुले भोवती उभी राहून पाहत होती. वर्गात सहसा न बोलणारा त्यांचा सहावीतील मुलगा त्या दिवशी कोणते लाकूड कशास चालते, हे इतर मुलांना आपण होऊन सांगत होता.

त्या पालकांचे पहिले वाक्य हा एक संपूर्ण विज्ञानपाठ आहे. तो वर्गात कसा घ्यावा, याचे दिग्दर्शन पुढे केले आहे.

१. उद्दिष्टे

(अ) लाकडाचे गुणधर्म, म्हणजे त्याचे तंतू, त्यातील ओलावा, त्याचे फुगणे व आकसणे, मुलांना प्रत्यक्ष निरीक्षणाने समजावेत. (आ) दांडा सुरक्षित आहे किंवा नाही, हे हत्यार उचलण्यापूर्वी पारखण्याची सवय त्यांना लागावी. (इ) परिसरातील जाणत्या माणसाच्या ज्ञानास शाळेत मानाचे स्थान मिळावे.

तिसरे उद्दिष्ट केवळ शोभेसाठी घातलेले नाही. १९३७ सालच्या वर्धा येथील शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी उत्पादक उद्योगाच्या द्वारे शिक्षणाची कल्पना मांडली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवसांचा दप्तराविना कालावधी सुचविला असून, त्यात सुतार, माळी, कुंभार यांसारख्या स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकण्याची कल्पना आहे. आपल्या जिल्ह्याला तर याची स्वतःची परंपरा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तेथे व पुढे कोसबाड येथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी मुलांच्या परिसरातूनच शिक्षणाची साधने उभी केली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. जेथे मूल आहे, तेथे शाळेने जावे, हे त्यामागील सूत्र होय.

२. लाकडाची निवड

दांड्यावर दोन प्रकारचे ताण येतात : घाव बसताना आदळ, आणि घाव अडकल्यावर हत्यार हलविताना वाक. म्हणून दांड्याचे लाकूड चिवट व लवचिक असावे लागते. केवळ कठीण असून भागत नाही. आपल्या डोंगरपट्ट्यातील लोक या कामी धामण, तिवस व धावडा यांना पसंती देतात. धामणीचे लाकूड वाकून पुन्हा सरळ होते. तिवस व धावडा चिवट असल्याने शेतीच्या अवजारांस व गाडीच्या भागांस पूर्वापार वापरले जातात. खैर जड व कठीण असतो. साग सहज तासला जातो व ओलाव्याने फारसा बदलत नाही. परंतु जोराच्या आदळीस तो धामणीइतका टिकत नाही. यास्तव साग विळ्या-कोयत्याच्या मुठीस घ्यावा, कुदळीच्या दांड्यास घेऊ नये.

बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्राजवळील शाळांत मुले यंत्रसामग्रीच्या खोक्यांच्या फळ्या सहज आणतात. त्या बहुधा मऊ लाकडाच्या व गाठाळ असतात, आणि काहींवर कीडनाशक वायूची प्रक्रिया झालेली असते किंवा रसायने सांडलेली असतात. दांड्यासाठी त्या वापरू नयेत.

अलीकडे लोखंडी नळी वितळजोड करून दांडा म्हणून लावण्याची रीत वाढली आहे. अशी नळी मोडत नाही हे खरे; परंतु ती उन्हात तापते, प्रत्येक घावाचा हादरा जसाच्या तसा मनगटात पोचविते आणि विजेच्या तारेजवळ प्राणघातक ठरू शकते. लाकूड उष्णतेचे मंद वाहक आहे व हादरा काही अंशी स्वतःत जिरविते. दोहोंची तुलना मुलांकडूनच करवून घ्यावी. उन्हात एक तास ठेवलेली नळी व काठी हाताने स्पर्शून पाहणे, एवढा प्रयोग त्यास पुरेसा आहे.

लाकूड पारखताना तीन गोष्टी पाहाव्यात. तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग गेलेले असावेत, गाठ नसावी, भेग अथवा किडीचे छिद्र नसावे. तंतू मध्येच तिरपे होऊन कडेला बाहेर पडत असतील, तर दांडा त्याच ठिकाणी चिरफाळतो. म्हणून जाणता माणूस दांड्याचे लाकूड करवतीने कापण्याऐवजी कुऱ्हाडीने फाडतो. करवत आपल्या रेषेने जाते. फाडलेले लाकूड मात्र तंतूंच्या रेषेनेच दुभंगते. हा भेद मुलांना एका जळाऊ काटकीवर दाखवावा.

जंगलातील जिवंत झाड शाळेच्या पाठासाठी तोडू नये. परसातील किंवा बांधावरील वाळलेली फांदी मालकाच्या संमतीने घ्यावी. एखाद्या मोठ्या हत्याराचा मोडका दांडा तासून लहान हत्याराची मूठ करता येते, तीही काटकसर मुलांस शिकवावी.

३. लाकूड आणि पाणी

या पाठाचा गाभा येथे आहे. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते : पेशींच्या पोकळीत व पेशींच्या भिंतीत. पोकळीतील पाणी गेले, तरी लाकडाचे आकारमान बदलत नाही. भिंतीतील पाणी जाऊ लागले, म्हणजे लाकूड आकसू लागते. हे आकसणे सर्व दिशांनी सारखे नसते. लांबीत ते नाममात्र असते. रुंदीत मात्र जातीप्रमाणे व दिशेप्रमाणे साधारणतः शेकडा ३ ते १० भागांपर्यंत जाते. दांडा नेढ्यात धरला जातो तो त्याच्या रुंदीने, ही गोष्ट येथे निर्णायक ठरते. नेढ्यातील भाग ४० मिलिमीटर रुंद असेल आणि तो शेकडा ५ ने आकसला, तर २ मिलिमीटरांची फट पडते. एवढ्या फटीत लोखंड खडखडू लागते.

आता बादलीतील कुदळीकडे वळावे. पाण्याने लाकूड फुगते. परंतु नेढ्याचे लोखंड त्यास बाहेर पसरू देत नाही. फुगणारे तंतू लोखंडावर दाबले जाऊन चिरडतात. लाकूड पुन्हा वाळले, की ते आकसते. पण चिरडलेले तंतू पूर्ववत होत नाहीत. परिणामी दांडा भिजविण्यापूर्वी होता त्याहूनही बारीक होतो. प्रत्येक वेळी भिजवावे आणि प्रत्येक वेळी अधिक ढिले व्हावे, असे हे चक्र आहे. 'पाण्यानं दांडा फुगतो, बसत नाही' या वाक्याचा शास्त्रीय अर्थ हाच.

आपल्या जिल्ह्यात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे सुमारे दोन हजार मिलिमीटर व त्याहून अधिक पाऊस पडतो आणि हवा ओलाव्याने भरलेली असते. फाल्गुन-चैत्रात जव्हार-मोखाड्याकडील वारा कोरडा असतो. पावसाळ्यात बसविलेला दांडा उन्हाळ्यात ढिला होतो. उलट, पूर्ण वाळलेला दांडा उन्हाळ्यात बसविला, तर पावसाळ्यात तो किंचित फुगून अधिकच घट्ट राहतो. यास्तव शाळेने दिवाळीनंतर लाकूड फाडून ठेवावे, साल काढून ते सावलीत वाऱ्यावर आडवे रचावे, त्याच्या दोन्ही टोकांस मेण किंवा शेण लावावे आणि मार्च-एप्रिलमध्ये दांडा बसवावा. टोकांतून पाणी लवकर उडून तेथे भेगा पडतात, म्हणून त्यांस लेप द्यावयाचा.

लाकूड वाळले किंवा नाही, हे ओळखण्यासाठी मुलांनी दर आठवड्यास त्याचे वजन करून तक्ता ठेवावा. वजन उतरण्याचे थांबले, म्हणजे लाकूड त्या हवेत वाळावयाचे तेवढे वाळले. उदाहरणार्थ, एका तुकड्याचे आरंभीचे वजन १२०० ग्रॅम व अखेरचे ९०० ग्रॅम भरले, तर ३०० ग्रॅम पाणी उडाले. वाळलेल्या वजनाच्या मानाने ते शेकडा ३३.३ होते. शेकडेवारीचे उदाहरण पुस्तकातून न येता मुलाच्या हातातील लाकडातून येते, हा त्याचा लाभ.

४. नेढ्याचे दोन प्रकार

दांडा बसविण्यासाठी लोखंडात जे आरपार छिद्र असते, ते नेढे. मुलांना नेढ्याची दोन्ही तोंडे पट्टीने मोजावयास लावावी. कुदळ व टिकाव यांचे नेढे बहुधा वरच्या तोंडाशी मोठे व खालच्या तोंडाशी लहान असते. त्यांचा दांडाही वरच्या टोकाशी जाड व खाली निमुळता असतो. तो वरून नेढ्यात सोडतात आणि लोखंड खालून सरकत जाऊन जाड टोकापाशी अडते. त्यास पाचर लागत नाही. हत्यार फिरविताना लोखंड बाहेरच्या दिशेने निसटू पाहते. परंतु बाहेरच्या बाजूसच दांडा जाड असल्यामुळे प्रत्येक फेकीबरोबर ते अधिक घट्ट बसते.

हातोडीचा दांडा याउलट खालून घालतात. वर निघालेल्या टोकास खाच घेऊन तीत पाचर ठोकतात. पाचरीने लाकूड वरच्या तोंडाशी फाकते आणि लोखंड निसटू शकत नाही. कुऱ्हाडी दोन्ही पद्धतींच्या आढळतात. नेढे पाहून ठरवावे. व्यवहारात 'पाचर मारणे' म्हणजे अडथळा आणणे, असा अर्थ रूढ आहे. सुताराच्या पाचरीचे काम मात्र धरून ठेवण्याचे आहे, ही गंमत भाषेच्या तासास उपयोगी पडेल.

वर सांगितलेल्या शाळेतील कुदळीत सरळ काठी खालून घातली होती. म्हणजे जेथे दांडा जाड असावयास हवा, तेथे तो बारीक होता आणि मध्ये केवळ भिजलेल्या चिपांचा आधार होता.

शिक्षकांच्या माहितीसाठी एक गणित येथे देणे युक्त होईल. २ किलोग्रॅम वजनाची कुदळ १.२ मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सेकंदाला ८ मीटर वेगाने फिरते असे धरल्यास, तिला वर्तुळात धरून ठेवण्यासाठी लागणारे बल २ × ८ × ८ ÷ १.२, म्हणजे सुमारे १०७ न्यूटन येते. दांड्याच्या टोकास जवळजवळ ११ किलोग्रॅमचे ओझे टांगल्याइतका हा ओढा होय. ढिल्या दांड्याला तो प्रत्येक फेकीत सोसावा लागतो.

५. प्रत्यक्ष कृती

साहित्य : कुऱ्हाड, वाकस, करवत, पटाशी, कानस, सामता किंवा गिरमिट, लाकडी हातोडा, काचकागद, पट्टी, कोळसा.

(अ) *कुदळीचा दांडा.* प्रथम मोडका तुकडा काढावा. पुष्कळ लोक तो जाळून काढण्यासाठी लोखंड चुलीत टाकतात. ही चूक कटाक्षाने टाळावी. धार टिकावी म्हणून लोहार पात्याला पाणी देतो. पाते पुन्हा तापले, की ते पाणी उतरते. उघडे, घासलेले पोलाद सुमारे २२० अंश सेल्सिअसला पिवळसर व ३०० अंशांच्या आसपास निळे दिसू लागते. तोवर त्याची धार मऊ झालेली असते. तुकडा करवतीने लोखंडालगत कापावा व उरलेला भाग लहान तोंडाकडून मोठ्या तोंडाकडे ठोकून काढावा.

नंतर नवा दांडा वाकसाने तासावा. नेढ्याच्या आतील बाजूस कोळसा फासून दांडा आत सरकवावा व बाहेर काढावा. जेथे काळे डाग उठतील, तेवढाच भाग कानशीने घासावा. पुन्हा सरकवावा, पुन्हा पाहावे. लोखंड सर्व बाजूंनी सारखे टेकेपर्यंत हे चालू ठेवावे. घाई येथेच होते आणि दांडा येथेच बिघडतो. एकदा अधिक तासले गेलेले लाकूड परत आणता येत नाही. वरचे टोक लोखंडाच्या वर दोन बोटे राहू द्यावे.

हाताच्या जागी दांड्याचा छेद गोल न ठेवता लंबगोल ठेवावा. डोळे न वळविताही धार कोणत्या दिशेस आहे, हे त्यामुळे हाताला कळते आणि दांडा मुठीत फिरत नाही. जाडी अशी असावी, की मूठ आवळल्यावर बोटांची टोके तळहाताच्या अंगठ्याकडील फुगीर भागास जेमतेम लागावीत. मुलांच्या हत्याराचा दांडा मोठ्या माणसाच्या दांड्याहून बारीक व आखूड असणे आवश्यक आहे. जाड दांडा लहान हातातून निसटतो.

(आ) *हातोडीचा दांडा.* दांडा खालून घट्ट बसवावा. वरच्या टोकास नेढ्याच्या लांबीच्या दिशेने खाच घ्यावी. तिची खोली नेढ्याच्या खोलीच्या सुमारे दोन-तृतीयांश असावी. पाचर वाळलेल्या कठीण लाकडाची करावी व तिचे तंतू ठोकण्याच्या दिशेने असावेत. तंतू आडवे असतील, तर पाचर आत जाण्यापूर्वीच मोडते. सरळ व सावकाश ठोके मारून ती बसवावी आणि वर उरलेला भाग कापून टाकावा.

(इ) *विळा व कोयता यांची मूठ.* येथे लोखंडात नेढे नसते. पात्याची निमुळती शेपटी मुठीत शिरते. मुठीच्या तोंडाशी प्रथम लोखंडी अगर पितळी शेंबी बसवावी. ती नसेल, तर शेपटी शिरताना मूठ उभी चिरते. मग सामत्याने मधोमध भोक पाडावे. ते शेपटीपेक्षा किंचित अरुंद असावे. गावातील लोहार शेपटी तापवून ती मुठीत जाळीत बसवितो. लाकूड शेपटीच्या आकारास अचूक जळते व जोड पक्का होतो. ही क्रिया लोहाराने किंवा शिक्षकांनीच करावी, मुलांनी दूर उभे राहून पाहावी. शेपटीचे टोक तेवढे तापवावे आणि पात्यावर ओले फडके गुंडाळावे, म्हणजे धारेचे पाणी उतरणार नाही.

शेवटी सर्व दांड्यांना काचकागद घासून जवसाचे तेल हलक्या हाताने चोळावे. हे तेल हवेत वाळते व ओलावा काही अंशी रोखते. चकचकीत रोगण लावू नये, त्याने तळहातास फोड येतात. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून ढीग करून ठेवल्यास ती आपोआप तापून पेटू शकतात. ती पाण्यात बुडवून मग उघड्यावर पसरून वाळवावीत.

६. एक प्रयोग : ठोका कोठे द्यावा?

हातोडी उभी धरून दांड्याचे खालचे टोक दगडावर आपटले, तर लोखंड घट्ट होईल की ढिले? मुलांना आधी उत्तर विचारावे, नंतर करून दाखवावे. दांडा दगडावर अडतो; लोखंड जडत्वामुळे खाली येतच राहते आणि दांड्याच्या जाड भागावर बसून घट्ट होते.

आता हीच क्रिया कुदळीवर करावी. येथे लोखंड खाली सरकले, की दांड्याच्या निमुळत्या भागाकडे जाते व सुटते. कुदळ घट्ट करावयाची असेल, तर ती उलटी धरून दांड्याचे जाड टोक ओंडक्यावर आपटावे लागते. एकच ठोका एका हत्यारास घट्ट करतो व दुसऱ्यास सोडवितो. निमुळतेपणा कोणत्या दिशेस आहे, यावर सर्व अवलंबून आहे. जडत्वाचा नियम मुले पाठ म्हणतात. या प्रयोगानंतर तो त्यांच्या हातात राहतो.

७. इतर विषयांशी समवाय

*इतिहास :* अहिल्यानगर जिल्ह्यातील जोर्वे येथे ताम्रपाषाणयुगातील तांब्याच्या चपट्या कुऱ्हाडी सापडल्या आहेत. त्यांना नेढे नाही. मग त्या लाकडात कशा बसवीत असतील, हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा व काठी चिरून, दोरीने आवळून मातीच्या पात्याचा नमुना करवून घ्यावा. धातू टिकतो, लाकूड कुजते. म्हणून संग्रहालयात पाते दिसते व दांडा दिसत नाही, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे.

*नागरिकशास्त्र :* याच भागात १९४५ साली वारली शेतमजुरांनी गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. गवत कापणाऱ्यांच्या मजुरीचा प्रश्न त्यात अग्रभागी होता. विळ्याच्या मुठीवरील हाताचा इतिहास म्हणून तो मुलांना सांगता येईल.

*चित्रकला :* वारली चित्रांत शेतात व रानात काम करणारी माणसे असतात. आपल्या जिल्ह्यातील जिव्या सोमा मशे यांना त्या कलेसाठी २०११ साली पद्मश्री मिळाली. मुलांनी घरातील हत्यारे व ती वापरणारी माणसे त्या शैलीत काढावी.

*भाषा :* हत्यारांच्या भागांना घरी कोणते शब्द आहेत, ते मुलांनी वडीलधाऱ्यांकडून विचारून आणावेत. वारली, कातकरी, मल्हार कोळी, कोकणा, कुणबी, मांगेला अशा घरांतून एकाच वस्तूस निरनिराळी नावे येतील. ती सर्व फळ्यावर लिहावी. एकही शब्द अशुद्ध म्हणून पुसू नये.

८. दक्षता

सहा मुलांमागे एक जाणती व्यक्ती असावी. हत्यार चालविणाऱ्याभोवती निदान दोन दांड्यांच्या लांबीइतके अंतर मोकळे ठेवावे. तासताना धार शरीरापासून दूर जाणारी असावी. पाचर ठोकताना डोळ्यांवर चष्मा घालावा. पाते तासण्याच्या वेळी कापडात बांधून ठेवावे. मुलींना केवळ पाहावयास बसवू नये. घरी विळा बहुधा त्यांच्याच हाती असतो आणि ढिल्या मुठीचा धोकाही त्यांनाच अधिक.

हा पाठ शिक्षणासाठी आहे. शाळेची अथवा गावाची हत्यारे दुरुस्त करून घेण्याचे साधन म्हणून मुलांचा वापर होता कामा नये. मुलाने एक दांडा समजून बसविला, म्हणजे पाठाचा हेतू सफल झाला.

९. मूल्यमापन

लेखी प्रश्नांपेक्षा प्रत्यक्ष पारख घ्यावी. टेबलावर पाच हत्यारे मांडावी. त्यांपैकी एकाचा दांडा ढिला, एकाचा चिरलेला, एकाचा उलटा बसविलेला, एक पाण्यात भिजवून घट्ट केलेला व एक निर्दोष असावा. प्रत्येक मुलाने हत्यार हातात घेऊन, हलवून, नेढ्याशी पाहून कोणते वापरता येईल ते सांगावे व कारण द्यावे. भिजविलेला दांडा ज्याने ओळखला, त्याला पाठ समजला. ओल्या दांड्याचा रंग गडद असतो व लोखंडालगत ओलसर वलय दिसते. ही खूण आधी सांगू नये, मुलांनाच शोधू द्यावी.

समारोप

हत्यारे कुलुपात ठेवल्याने अपघात टळतो, असे वाटते. परंतु मुले शाळेबाहेर दररोज कोयता, विळा व कुऱ्हाड हाताळीतच असतात. तेथे गुरुजींचे कुलूप पोचत नाही. गुरुजींनी दिलेली पारख मात्र पोचते. ज्या घरात ही पारख आधीपासूनच आहे, त्या घरातील माणसाला शाळेने सन्मानाने बोलवावे, त्याला खुर्ची द्यावी आणि मुलांबरोबर शिक्षकांनीही त्याच्यापाशी शिकावे. दाखल्यावर अंगठा उमटविण्यासाठी आलेला तोच अंगठा दांड्याच्या तंतूंवरून फिरताना मुलांनी पाहिला, तर शाळा व घर यांच्यामधील फटही काही अंशी भरून निघेल.

ज्या शाळेची हकीकत आरंभी सांगितली, तेथील कुदळ आता कोठीत नसते. ती व्हरांड्यात खुंटीला टांगलेली असते आणि काम सुरू करण्यापूर्वी ती हातात घेणारे प्रत्येक मूल प्रथम तिचा दांडा हलवून पाहते.